डॉक्टर, जाता जाता एक विचारायचं होतं...

गेल्या अंकात अनियमित नाडीवर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन ऊर्फ ‘एएफ’वर लिहिलं होतं. ईसीजी, गोळ्या, पक्षाघाताचा धोका असं सगळं त्यात आलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मीअधिक मात्र वेगळ्याच विषयाची, हृदयाचा आजार आणि शरीरसंबंध याबद्दलची निघाली. मला नवल वाटलं नाही. सांगली-मिरजेकडे फिजिशियन म्हणून आयुष्य गेलं. समोर बाई डॉक्टर बसलेली असली की पुरुष पेशंट काय करतात ते मला पाठ आहे. पोट, झोप, गुडघे सगळं सांगून होतं, फाइल बंद होते, ते उठतात आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणतात, ‘‘डॉक्टर, जाता जाता एक विचारायचं होतं...’’ तोवर पुढचा पेशंट आत डोकावत असतो.

तर या वेळचा रकाना त्या ‘जाता जाता’साठी. नावं आणि पत्ते काढून टाकले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त गेली आहे, कारण त्याच चालीची पत्रं आणखीही आहेत.

प्रश्न : वय ५७, साखर कारखान्यात नोकरी. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगर ‘बॉर्डरवर’ असते. उन्हाळ्यात धडधड व्हायला लागली म्हणून ईसीजी काढला तर एएफ निघालं. नाडीसाठी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ ठेवायला अपिक्साबॅन सुरू झालं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिली आहे, ती खिशात असते. धडधड थांबली, पण दोनेक महिन्यांत लिंगाला नीट ताठरता येईनाशी झाली. आधीही थोडं कमीजास्त व्हायचं, पण आता जवळजवळ नाहीच. आमचे साडू म्हणाले, हार्टच्या गोळ्यांनी पुरुषाचं सगळं संपतं, त्यांच्या ओळखीत दोघांचं झालंय. म्हणून पंधरा दिवस झाले, या दोन्ही गोळ्या मी बंद ठेवल्या आहेत. धडधड अजिबात नाही. मंडळींना काही बोललेलो नाही. माझ्या घोरण्यामुळे तशाही त्या दुसऱ्या खोलीत झोपतात. मेडिकलमधून ‘ती’ गोळी आणून ठेवली आहे. घ्यावी का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पत्राखाली फोन नंबर होता, म्हणून यांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. अंक छापून हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं. इथे छापते आहे ते साडू-मेव्हण्यांच्या सल्ल्याने चालणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आधी अपिक्साबॅन सुरू करा. आजच, नेहमीच्या डोसने. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला जाऊ नका. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचतं, गुठळी धरते, आणि सुटलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. या गोळीचा परिणाम एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणजे पंधरवडाभर तुम्ही उघड्यावर होतात. धडधड नाही, यावर विसंबू नका. एएफ चालू असून काहीच न जाणवणारे कितीतरी असतात. काहींना ते पक्षाघात होऊन दवाखान्यात आल्यावरच कळतं. आणि गंमत अशी की ताठरता जाणं हा अपिक्साबॅनचा ओळखीचा दुष्परिणामच नाही. तिच्यावर फुकटचा आळ आला. मेटोप्रोलॉलही अशी एकदम सोडायची नसते, नाडी उसळी मारते. ती परत कितीपासून घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि बंद का केली होती तेही सांगा. खरं कारण सांगा, ‘गावाला गेलो होतो’ नको.

आता मेटोप्रोलॉलवरचा आरोप. ती बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणाऱ्या गोळ्यांच्या गटातली. या गटाची बदनामी जुनी आहे, म्हणून इटलीत झालेली एक पाहणी सांगते. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. हृदयविकार नव्याने निघालेले, पण लैंगिक तक्रार नसलेले ९६ पुरुष त्यात होते. सगळ्यांना एकच गोळी दिली, अटेनोलॉल. तीही बीटा ब्लॉकरच. एका गटाला कोणती गोळी आहे हे सांगितलंच नाही. दुसऱ्या गटाला गोळीचं नाव सांगितलं. तिसऱ्याला नाव सांगितलं आणि वर ‘हिने ताठरतेवर परिणाम होऊ शकतो’ असंही सांगितलं. तीन महिन्यांनी तक्रार घेऊन आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३ टक्के, दुसऱ्यात जवळपास १६ आणि तिसऱ्यात ३१ टक्के होतं. गोळी तीच! पुढे या तक्रारवाल्यांपैकी काहींना सिल्डेनाफिल (तुम्ही आणून ठेवलेली ‘ती’ ताठरतेची गोळी) आणि काहींना साधी साखरेची गोळी दिली, तर एखादा अपवाद सोडता दोन्हींनी सारखाच गुण आला. तुमच्या साडूंनी तुम्हाला नेमकं तिसऱ्या गटात नेऊन बसवलं.

गोळी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असंही मी म्हणत नाही. जुन्या बीटा ब्लॉकरांनी काही थोड्या जणांना खरंच त्रास होतो. अशा वेळी नेबिवोलॉल हा त्याच गटातला पर्याय आहे. ते रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, त्यामुळे या बाबतीत कमी त्रासदायक ठरतं. हृदयाचं पंपिंग चांगलं असेल तर डिल्टियाझेमनेही नाडी आवरता येते. म्हणजे वाट आहे. पण ती डॉक्टरांच्या टेबलावरून जाते, आणि त्यासाठी तक्रार त्या टेबलावर ठेवावी लागते.

मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य महत्त्वाचं वाटलं. ‘आधीही थोडं कमीजास्त व्हायचं.’ हे मेटोप्रोलॉलच्या आधीचं आहे. ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा खेळ: लिंगातल्या रोहिण्या सैल व्हायच्या, रक्त भरायचं आणि थोडा वेळ तिथे टिकायचं. या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. बीपी, साखर, तंबाखू यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं ते सगळीकडे एकदमच, पण कळतं ते बारीक वाहिनीत आधी. तुम्ही ऊसपट्ट्यातले आहात. कालव्याचं पाणी कमी पडलं की टेलच्या शेतकऱ्याला पहिल्यांदा समजतं, मुखाजवळच्याला नंतर. हृदयाच्या रोहिण्यांचा आजार असलेल्या पुरुषांना मागचं विचारलं, तर ताठरतेची तक्रार सरासरी दोन-तीन वर्षं आधीच सुरू झाली होती असं अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेत साठीच्या पुढच्या १,९०० हून अधिक पुरुषांचा सुमारे चार वर्षं मागोवा घेतला. तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. ताठरतेची तक्रार असलेल्यांपैकी ६.३ टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात असं काहीतरी गंभीर झालं, तक्रार नसलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. म्हणून मी म्हणते, ही तक्रार लाजेने लपवायची नसून बीपीच्या आकड्यासारखी सांगायची आहे.

एएफचीही मुळं त्याच मातीत आहेत: बीपी, साखर, वाढलेलं पोट, दारू. आणि घोरणं. ते तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तिथे शंका आली. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभर ऑक्सिजन खालीवर होतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि पुरुषी हार्मोनही घटू शकतं. एकच आजार नाडीही बिघडवतो आणि ताठरताही. मंडळींना विचारा, घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडून मग दचकल्यासारखा श्वास येतो का? हो म्हणाल्या तर स्लीप स्टडी करून घ्या. (हे विचारायच्या निमित्ताने बाकीचंही बोलून टाका. त्यांना तुमच्या बंद गोळ्यांचं माहीत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.) वजन जास्त असेल तर तेही उतरवा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालेल्या २०१५ च्या अभ्यासात वजनाचा दहावा हिस्सा किंवा जास्त उतरवून तो टिकवलेल्यांत एएफपासून मोकळं राहण्याची शक्यता सहापट दिसली. एवढं बळ फार थोड्या गोळ्यांत असतं. रक्ताच्या तपासण्यांत तीन महिन्यांची साखर आणि कोलेस्टेरॉल हवंच, पण थायरॉइड विसरू नका. तो वाढला असेल तर एएफ आणि ताठरतेची तक्रार दोन्ही त्यानेच होऊ शकतं आणि उपचारांनी दोन्ही सुधारूही शकतं.

राहिली ‘ती’ गोळी. सिल्डेनाफिल हे मुळात हृदयासाठीच शोधलेलं औषध. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत ते छातीतल्या कळेवर आजमावलं जात होतं, तिथे ते फारसं चाललं नाही आणि ‘दुष्परिणाम’ म्हणून दिसलं तेच १९९८ साली औषध म्हणून बाजारात आलं. एएफ आहे म्हणून ते वर्ज्य नाही, अपिक्साबॅनशीही त्याचं भांडण नाही. तरीही तुम्ही ते घ्यायचं नाही. कारण तुमच्या खिशातली सॉर्बिट्रेट! ही दोन औषधं एकत्र आली की बीपी धाडकन कोसळतं, माणूस जागेवर जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि तिच्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट किंवा तिच्या नायट्रेट गटातलं कोणतंही औषध चालत नाही. छातीतल्या कळेवरची निकोरँडिलही त्याच यादीत धरा. आधी तुम्हाला सॉर्बिट्रेटची खरोखर गरज आहे का ते तपासून घ्या, गरज पडल्यास स्ट्रेस टेस्ट होईल. पुष्कळांच्या खिशात ती केवळ धीर म्हणून असते. ती कायमची निघाली, तर डॉक्टरच कमी डोसपासून सिल्डेनाफिल सुरू करून देतील. आणि कोणी आधीच घेऊन बसला असेल आणि छातीत दुखलं, तर जिभेखाली काही न ठेवता सरळ कॅज्युअल्टी गाठायची आणि दारातच सांगायचं की मी अमुक वाजता ही गोळी घेतली आहे. तिथे लाजलात तर डॉक्टर नायट्रेट देणार, त्यांचा दोष नाही.

याच विषयावरच्या इतर पत्रांसाठी दोन ओळी. नाडीची लय राखणारं अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू असेल तर ताठरतेची व्हार्डेनाफिल घेऊ नका, ठोक्याची लय बिघडू शकते. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस कमी लागतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही आधी सांगा. आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ पुडी कोणी एसटी स्टँडसमोरून आणली असेल तर टाकून द्या. अशा मालात गुपचूप सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, किती ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

प्रश्न : सा. न. वि. वि. आमचे हे ६२ वर्षांचे. मोठा हार्ट अटॅक येऊन गेला, पंपिंग कमी झालं, म्हणून छातीत शॉक देणारं यंत्र बसवलं आहे. मागच्या दिवाळीत जिना चढताना त्या यंत्राने शॉक दिला. तेव्हापासून ते माझ्याजवळ येतच नाहीत. म्हणतात, तुला करंट बसेल. खरंच बसतो का? दुसरं असं की त्यांची छाती बायकांसारखी भरल्यासारखी दिसते, दुखतेही. घरातसुद्धा बनियनवर बसत नाहीत. गोळ्यांत डिगॉक्सिन आणि स्पायरोनोलॅक्टोन आहे. हे विचारायला ते दवाखान्यात यायला तयार नाहीत, म्हणून मीच लिहिते आहे.
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, करंट बसत नाही. यंत्राचा धक्का आतल्या आत हृदयासाठी असतो. त्या क्षणी तुमचा हात त्यांच्या अंगावर असला तर फार तर झिणझिण्या येतील. इजा होत नाही.

मला जास्त विचारायचं आहे ते दिवाळीतल्या शॉकबद्दल. त्यानंतर यंत्र तपासून घेतलं का? यंत्रात प्रत्येक शॉकची नोंद राहते. कधी खालच्या कप्प्यांची जीवघेणी लय सुरू झालेली असते आणि यंत्राने जीव वाचवलेला असतो. कधी एएफमुळे नाडी फार जोरात धावते आणि यंत्र तिलाच धोका समजून धक्का देतं. दोन्हींवर इलाज आहे, पण कोणतं ते वाचल्याशिवाय कळणार नाही. डॉक्टरांना हेही विचारा की यंत्र मिनिटाला किती ठोक्यांच्या पुढे जागं होतं. शरीरसंबंधात नाडी सहसा १३० च्या वर जात नाही आणि तीही थोडा वेळ. यंत्राची रेघ साधारणपणे त्याहून बरीच वर असते. हा आकडा कानावर पडला की माणसाच्या मनातली भीती उतरते, असं मी पाहिलं आहे.

शरीरसंबंधाचे कष्ट म्हणजे साधारण दोन जिने बऱ्यापैकी वेगात चढण्याएवढे. हृदयविकाराच्या स्थिर रुग्णांना ते चालतात, यंत्र असलं तरी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पण यांना शॉक जिन्यावरच बसलाय. त्यामुळे यंत्राची तपासणी होऊन डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत थांबा. जवळ बसायला, कुशीत झोपायला मात्र आजही कुणाची परवानगी नको.

छाती भरणं हा स्पायरोनोलॅक्टोनचा ठरलेला दुष्परिणाम, डिगॉक्सिननेही होतो. दोन्ही औषधं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात आणि ताठरताही कमी करू शकतात. स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन देता येतं, त्यात हा त्रास फार कमी. मात्र स्वतःहून काहीही बंद करायचं नाही. कमी पंपिंगमध्ये स्पायरोनोलॅक्टोन आयुष्य वाढवतं. ते येत नसतील तर ही पानं फाडून त्यांच्या पुढच्या भेटीच्या फाइलमध्ये घाला, डॉक्टर वाचतील.

प्रश्न : वय २९, हिंजवडीत आयटीत आहे, नवीन लग्न. संबंधाच्या वेळी मध्येच ठोका चुकल्यासारखं होतं आणि मग एक जोरात बसतो. स्मार्टवॉचवर नाडी १२५ दाखवते. भीतीने सगळंच थांबतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली गोष्ट, घड्याळ काढून ठेवा. त्या वेळी १२५ नाही दाखवायचं तर केव्हा? चुकल्यासारखा वाटणारा ठोका बहुधा वेळेआधी पडलेला असतो, आणि नंतरच्या विश्रांतीमुळे पुढचा जोरात जाणवतो. निरोगी हृदयात हे सर्रास होतं. जागरण, कॉफी, एनर्जी ड्रिंक यांनी काहींचं वाढतं. एकदा ईसीजी आणि इको करून घ्या, नॉर्मल आले की विषय संपला. श्रम करताना कधी चक्कर येऊन पडला असाल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र हे उत्तर तुमच्यासाठी नाही. हृदयरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

प्रश्न : वय ४६. एएफसाठी गेल्या महिन्यात ॲब्लेशन झालं. जिमचा ट्रेनर म्हणतो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की ‘सगळीच’ ताकद परत येईल. शनिवारी-रविवारी मित्रांबरोबर तीन-चार पेग होतात, ते चालतील का? आणि संबंध कधी सुरू करावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून घेते, तो सोपा आहे. ॲब्लेशन म्हणजे लय बिघडवणाऱ्या हृदयातल्या जागा नळीने निकामी करणं, आणि ही नळी जांघेतल्या शिरेतून नेतात. तिथली जखम भरायला साधारण आठवडा लागतो, तेवढा संयम पुरे. महिना झालाय, जांघेत गाठ किंवा दुखणं नसेल तर हरकत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र ॲब्लेशननंतर किमान दोन महिने चालूच ठेवायची, ‘आता नाडी नीट आहे’ म्हणून थांबवायची नाही.

इंजेक्शन नको. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरचा मोठा अमेरिकन अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण एएफ वाढलं: टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ३.५ टक्के, औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांत २.४. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या डोसने. तुमचा ट्रेनर रक्त तपासत नाही. ज्या माणसाने नुकतीच एएफसाठी नळी घालून घेतली, त्याने हे इंजेक्शन घेणं म्हणजे त्या खर्चावर पाणीच. शिवाय बाहेरून हार्मोन मिळायला लागलं की शरीर आपलं बंद करतं, शुक्रजंतू घटतात, वृषणं आक्रसतात. ताकद येते म्हणून घ्यायचं आणि वंध्यत्वाच्या तपासणीला जायचं, असे तरुण मी पाहिले आहेत. शंका असेलच तर सकाळी दहाच्या आत रक्त द्या, आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी परत द्या. दोन्ही कमी आले तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, गाठा.

पेगबद्दल २०२० साली ऑस्ट्रेलियात चाचणी झाली. नियमित पिणाऱ्या एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना बंद करायला सांगितलं. पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परत आलं, बंद केलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना. दारूने इच्छा चाळवते आणि ताठरता बसते, हे तुम्हाला माझ्याकडून कळायची गरज नसावी.

प्रश्न : पाकिटात ईसीजीची झेरॉक्स आणि चिठ्ठीवर दोनच शब्द: ‘चालेल का?’ नाव नाही, वय नाही, गाव नाही.

उत्तर : पट्टी बरी आहे, ठोके नियमित, मिनिटाला ७६. काय चालेल का, ते मात्र लिहा. वय, चालू गोळ्या आणि दोन जिने चढून धाप लागते का, एवढं कळवलंत तरी पुढच्या अंकात उत्तर देईन.